बाई येण्याच्या दिवसाचा सदरा

प्रिय गियोनो दादा,

मावशीचा फोन आला होता. इंजेक्शन दिल्यापासून तुझा आरडाओरडा थांबलाय, झोप लागते आणि परवा शेंगदाणे बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद तू मांडीवर सरळ करून शेवटपर्यंत वाचलास, असं ती म्हणाली. वर तिला विचारलंस म्हणे, "मावशे, या बातमीचं शेपूट कुणाच्या शेंगदाण्यांबरोबर गेलं?" सांगताना ती इतकी हसत होती की तिला धड बोलता येईना. मीही हसले. मग मनात आलं, वर्तमानपत्र वाचतोस म्हणजे तू पत्रही वाचू शकशील. तुझ्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण तुला कुणी काही लिहिलेलं नाही. हे पत्र लांब आहे. मावशी बकऱ्यांना पाला टाकायला येईल तेव्हा तुला देईल. दमलास तर ठेवून दे आणि दुसऱ्या दिवशी वाच, पण शेवटपर्यंत वाच.

यात बरंचसं हेस्ती बाईंबद्दल आहे. तुला त्या आठवतात का? उंच, जाड चष्मा, डोक्याला कायम फिकट रंगाचा रुमाल, खुर्ची दिली तरी आपल्या चटईवर बसणाऱ्या. बाबा त्यांना अजून 'शहरातल्या बाई' म्हणतात. खरं तर त्या केदिरीच्या एका सायकल-दुरुस्तीवाल्याची मुलगी, म्हणजे आपल्यासारख्याच जावानीज, आपल्यासारख्याच खालच्या आवाजात बोलणाऱ्या लोकांत वाढलेल्या. समाजकार्य शिकायला घेतलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं, "हे शिकून काय करणार? पूर आला की तांदूळ वाटणार?" हे बाई विद्यापीठात वर्गाला दरवर्षी सांगतात आणि वर्ग दरवर्षी हसतो. शिक्षण झाल्यावर त्या नदीकाठच्या झोपड्यांत कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर राहिल्या. त्यांच्या पायाला तेव्हा खरूज झाली होती. एका बाईकडे ओळखपत्र नव्हतं म्हणून इस्पितळ तिला दाखल करून घेईना, तर या तिथल्या व्हरांड्यात जेवणाचा डबा उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत आम्ही दोघी इथेच आहोत, सावकाश ठरवा." हे मी ऐकीव सांगत नाही. त्या बाईची मुलगी मला भेटली आहे. ती आज परिचारिका आहे आणि बाईंचं नाव काढलं की तिचे डोळे भरून येतात. हे आधी एवढ्यासाठी सांगतेय की पुढचं वाचून त्या पहिल्यापासूनच ढोंगी होत्या असं तुला वाटू नये. तसं असतं तर मला इतका राग आला नसता.

तुझं आजारपण तुला किती आठवतं, मला माहीत नाही. तू तांगेरांगच्या फरशीच्या कारखान्यात होतास आणि ईदेला घरी आलास तो परत गेलाच नाहीस. कारखान्याचा भोंगा तुला इथे, आपल्या चुनखडीच्या डोंगरात ऐकू यायचा. तू भल्या पहाटे उठून गणवेश घालायचास आणि रस्त्यावर बसची वाट बघायचास. पुढे तो भोंगा तुला नावं ठेवू लागला. तू शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीला आग लावलीस, कारण भोंगा तिच्यात लपलाय म्हणून. मग बैठक झाली. कुणी वाईट बोललं नाही. सगळे म्हणाले, पोर चांगलं आहे, पण गावात लहान मुलं आहेत. बाबांनी फणसाचं खोड स्वतः तासलं. सुतार तयार होता, पण बाबा म्हणाले, "त्याने तासलं तर पोराच्या घोट्याला बोचेल." दोन भोकं त्यांनी आतून घासून घासून इतकी गुळगुळीत केली की हात फिरवला तर जुन्या भांड्यासारखी लागायची. मग त्या खोड्यात त्यांनी तुझे पाय घातले आणि वरून खीळ ठोकली. त्यानंतर किती तरी दिवस बाबा घरात जेवले नाहीत. गोठ्यात तुझ्यासमोर बसून तुझ्या ताटात जेवायचे.

हेस्ती बाई आल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्या डॉक्टरेट करत होत्या, बरोबर विद्यार्थी होते आणि आपल्यासारख्या किती घरांत किती माणसं खोड्यात आहेत हे शोधत त्या डोंगरभर पायी फिरत होत्या. लोकांनी इतर घरं दाखवली नाहीत. बाबांनी मात्र दाखवलं, कारण बाईंनी विचारलं आणि पाहुण्याने विचारलं तर नाही म्हणता येत नाही. बाई गोठ्यात आल्या, बकऱ्यांच्या लेंड्यांत गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी तुझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. तुझ्या केसांत उवा होत्या. त्या रडल्या नाहीत. बाबांना म्हणाल्या, "दादा, हा आजार आहे, याला औषध आहे, आणि तुमची काही चूक नाही." बाबांना त्याआधी असं कुणीच म्हटलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्या डॉक्टर, करवत, कॅमेरा आणि तालुक्याचे साहेब घेऊन आल्या. खोड कापलं गेलं तेव्हा अख्खं गाव अंगणात होतं. मावशी मोठ्याने म्हणाली, "जपून रे, बाबांचं लाकूडकाम आहे, चांगलं तासलंय," आणि सगळे हसले आणि मग सगळे रडले. तुला बाटिकचा निळा सदरा घातला, तू पहिल्या पगारावर घेतलेला. त्या फोटोत मी तुझा हात धरून उभी आहे आणि माझा पुढचा दात पडलेला आहे.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, दादा. दर महिन्याला इंजेक्शन मिळायचं. तू छपराची कौलं नीट केलीस, पावसाळ्यातलं पाणी साठवायची टाकी सारवलीस, मला अपूर्णांक शिकवलेस. कसाव्याच्या भाताचा गोळा चाकूने कापून तू म्हणायचास, "हा तुझा एक-चतुर्थांश, आणि हा मोठा एक-चतुर्थांश माझा." मी भांडायचे की चतुर्थांश मोठा नसतो. तू म्हणायचास, "कारखान्यात असतो."

मग आरोग्यकेंद्रात औषध यायचं थांबलं. परिचारिका म्हणायची, पुढच्या महिन्यात येईल. बाईंचा प्रकल्प संपला होता, त्या बांडुंगला परतल्या होत्या. बाबांनी त्यांना कळवावं की नाही यावर मावशीशी त्यांचं बोलणं झालं ते मला आठवतं. बाबा म्हणाले, "एवढं केलं त्यांनी, आता आणखी मागायचं म्हणजे काय केलं ते पुरलं नाही असं म्हणण्यासारखं." म्हणून कळवलं नाही. भोंगा परत आला. तू गावप्रमुखाच्या म्हाताऱ्या आईला ढकललंस, तिचं मनगट मोडलं. बाबांनी दुसरं खोड आणलं. या वेळी त्यांनी ते तासलं, पण घासलं नाही. त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

पुढचं तुला आठवत नसेल तर बरं. बाईंचा निरोप आला की त्या परदेशी पाहुण्यांना घेऊन तुला बघायला येताहेत. पुन्हा बैठक झाली. मी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होते. कुणालाच बाईंना फसवायचं नव्हतं, हे तू समजून घे. गावप्रमुख म्हणाले, "बाई एवढ्या लांबून येणार. त्यांच्या पाहुण्यांसमोर त्यांची मान खाली जाईल असं आपल्या अंगणात घडता कामा नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीच एकटी पुटपुटली, "मान त्यांची खाली जायला नको म्हणून पाय याचे वर काढायचे का?" तर बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती भांडी घासायला उठून गेली. बाई येणार त्याच्या आधी दोन दिवस खीळ काढली. शहरातून कुणाकडून तरी गोळ्या आणल्या, तुला झोप येईल अशा. आंघोळ घातली, दाढी केली, निळा सदरा घातला, ओटीवर बसवलं आणि हातात चहाचा पेला दिला. पेला सांडू नये म्हणून शेजारी मला बसवलं. बाई आल्या, चहा झाला, तळलेली केळी झाली, फोटो झाले. बाई गेल्या, त्यांच्या गाडीची धूळ खाली बसली आणि सदरा परत पेटीत गेला.

असं पुढे दरवर्षी होत राहिलं. सदरा तुला सैल होत गेला, तर मावशीने बाजूला टाके घातले.

आणि इकडे बाई वर चढत गेल्या. आपल्या गावावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झाल्या. मग लेख लिहिले. आमच्याकडे विद्यापीठात प्राध्यापकाला पायरी चढायची तर गुण साठवावे लागतात. लेखाचे गुण, पुस्तकाचे गुण, परिषदेचे गुण, गावात केलेल्या कामाचेही गुण. त्यांच्या लेखांत लिहिलं होतं की करवतीने खोडा तुटत नाही, तो गावाने एकत्र बसून, एकमताने ठरवलं तर तुटतो, आणि कारांगसेंगोन गावाने तसं ठरवलं. पुस्तकांत तुझं नाव 'जी' आहे. 'जी' आज घरात राहतो, 'जी' शेळ्या पाळतो, 'जी'ची धाकटी बहीण महाविद्यालयात जाते. मी दुसऱ्या वर्षाला असताना हाच धडा आम्हाला होता. शेजारच्या मुलीने धड्याच्या कडेला हृदयाचं चित्र काढून लिहिलं होतं, 'किती सुंदर गाव!' परीक्षेत 'जी'वर प्रश्न आला. मी पुस्तकात होतं तसंच उत्तर लिहिलं आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंच्या घरी येऊन मी नळ सोडून बसले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी बांडुंगला आले तीही बाईंमुळेच. "ही पोर हुशार आहे, हिला माझ्याकडे पाठवा," असं त्या ओटीवर, तुझ्या शेजारी बसून म्हणाल्या होत्या. त्यांच्या घरी राहिले, त्यांच्या ताटात जेवले. त्यांनी मला कधी मोलकरणीसारखं वागवलं नाही. ताप आला तर उशाशी बसल्या. इंग्रजीतले लेख वाचताना मी रडायचे तेव्हा त्यांनी प्रत्येक ओळ माझ्याबरोबर वाचली. मी पदवीधर झाले त्या दिवशी बाबा आणि मावशी मालवाहू ट्रकमधून आले होते, तुला सांगितलं असेल. मावशीने माझ्या डोक्यावरची चौकोनी टोपी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "एवढं शिकून असली टोपी, जिच्यात ऊनही अडत नाही?" बाबांनी बाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या फोटोत तू नाहीस. त्या दिवशी तू कुठे होतास हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि बाई म्हणाल्या, "गियोनोलाही आणायचं होतं," तेव्हा बाबा म्हणाले, "त्याला गाडी लागते."

आता माझी बातमी. मी बाईंची सहायक आहे आणि विभागात कायम जागा निघाली आहे. ती मला मिळावी असा बाईंचा आग्रह आहे, आणि बाईंचा आग्रह म्हणजे झालंच. पुढच्या आठवड्यात त्यांचा मोठा समारंभ आहे, विद्यापीठातलं सगळ्यात वरचं पद, 'मोठा गुरू'. काळा झगा, मखमली टोपी, तासभर भाषण. भाषणाचा विषय तूच आहेस. शेवटी पिवळ्या भाताचा डोंगर रचून आणतात, त्याचं टोक कापून सगळ्यात मानाच्या माणसाला देतात. नेहमी कुलगुरूंना देतात. बाईंनी ठरवलंय की व्यासपीठावर तुला बोलवायचं आणि ते टोक तुझ्या ताटात वाढायचं. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "पोरी, सगळं सभागृह उठून उभं राहील बघ."

मला ते सहन झालं नाही. बाई शिंप्याकडे झग्याचं माप देत होत्या, मी टाचण्यांचा डबा धरून उभी होते. शिंपी चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा मी म्हटलं, "बाई, दादा खोड्यात आहे." त्या आरशात बघत होत्या. मी म्हटलं, "आताच नाही, इतकी वर्षं तो खोड्यातच आहे. तुम्ही येता तेव्हा आम्ही त्याला बाहेर काढतो." मला वाटलं होतं, त्या खाली बसतील. मला वाटलं होतं, त्या मला मारतील तरी. त्यांनी खांद्यावरची एक टाचणी काढून माझ्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे, बाळ."

दादा, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या पहिल्या परदेशी पाहुण्यांच्या भेटीपासून. "तो उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या पोटऱ्या मी बघितल्या," त्या म्हणाल्या. "चालणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या तशा नसतात. मी समाजकार्यकर्ती आहे, आंधळी नाही." मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी पोराला आंघोळ घातली होती, मला गोड चहा दिला होता. मी बोलले असते तर त्या माणसाने कुठे बघायचं होतं, सांग? तूही आपल्यातलीच आहेस, तुला कळायला हवं." मला कळलं, हेच वाईट आहे. आपण त्यांचा मान राखत होतो आणि त्या आपला. दोघांच्या मानामध्ये तू बसला होतास, सदरा घालून.

मग त्या खरं बोलल्या, आणि ते ऐकायला जास्त जड गेलं. म्हणाल्या, "तुमच्या गावाच्या नावावर दुसऱ्या गावांना निधी मिळाला. तिथे औषध थांबलं नाही, तिथली माणसं खरोखर सुटली. एक आज रिक्षा चालवतो, एकीचं लग्न झालं. मी तेव्हा उठून 'हे खोटं आहे' म्हटलं असतं तर ते सगळे आजही गोठ्यात असते. तू त्यांना भेटली आहेस. त्यांना जाऊन सांगशील, तुम्ही परत जा म्हणून?" मी त्यांना भेटले आहे. रिक्षावाल्याने माझ्याकडून भाडं घेतलं नव्हतं. तरी मी एवढं विचारलं, "आणि आमचं औषध? न बोलता पाठवता आलं असतं की." हे विचारल्यावर मात्र त्यांनी आरशातून नजर काढली. म्हणाल्या, "औषध मागितलं की कशाला ते लिहून द्यावं लागतं. 'जी' बरा झालाय असं मीच लिहिलं होतं."

शिंपी चहा घेऊन आला. बाईंनी त्याची विचारपूस केली, त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. तो आत गेल्यावर अगदी हळू, जणू मलाच धीर देतायत अशा आवाजात म्हणाल्या, "त्याने स्वतःच सांगितलं होतं मला. मी विचारलं, 'गियोनो, घरी बरं चाललंय ना?' आणि तो म्हणाला, 'नाही.' स्वच्छ, मोठ्याने. सगळी ओटी हसली. गावप्रमुख म्हणाले, पोरगं थट्टेखोर आहे. मग मीही हसले." त्यांनी पुढे म्हटलं, "एकदाच, पोरी. आणखी एकदाच त्याला तयार करा. त्यानंतर मोठी गुरू म्हणून माझा शब्द चालेल. मग मी त्याला चांगल्या ठिकाणी ठेवीन, औषधाचं कायमचं बघेन."

ते तुझं 'नाही' मला आठवलं. मी शेजारीच होते, पेला सांभाळत. मीही हसले होते, कारण सगळे हसत होते. मी लहान होते, मी त्याचं फार मनाला लावून घेणार नाही. पण शिंप्याकडून आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. आपल्या गावात, आपल्या घरात, बाईंच्या विद्यापीठात, शिंप्याच्या दुकानात, सगळ्यांत मिळून एकच माणूस असा होता ज्याने विचारल्यावर जे होतं ते सांगितलं, आणि त्याला आपण वेडा म्हणत होतो.

मी लगेच निघून जिल्ह्याच्या इस्पितळात गेले. तिथे मी पुस्तकातल्या 'जी'बद्दल काहीच बोलले नाही. म्हटलं, माझा भाऊ आजारी आहे. तेवढं पुरलं. इतकी वर्षं तेवढं पुरलं असतं. परिचारिका माझ्या दुचाकीवर मागे बसून आली आणि तुला इंजेक्शन दिलं, ते तुला आठवत असेल. तू तिला म्हणालास, "हळू टोच, कातडं माझं आहे." बाबा खीळ काढायला अजून तयार नाहीत. म्हणतात, "एक इंजेक्शन मी आधीही बघितलंय." त्यांच्यावर रागावू नकोस. मी खोडा काढून टाकीन असं मी इथे लिहीत नाही, दादा. असं लिहिणारे खूप झाले. औषध मी दर महिन्याला आणेन, एवढं लिहिते, आणि एखाद्या महिन्यात आणलं नाही तर तू मला हवं ते बोल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. शनिवारी सकाळी विद्यापीठाची गाडी तुला न्यायला येईल. बाबांनी 'हो' म्हटलंय. एवढ्या मोठ्या माणसाने बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणाले. गावप्रमुखांनी हो म्हटलंय, त्यांना पुढच्या रांगेत जागा आहे. बाई धरून चालल्यात की मीही हो म्हटलंय, कारण मी टाचण्यांचा डबा धरून गप्प उभी राहिले. तुला कुणी विचारलेलं नाही. म्हणून मी विचारतेय. तुला जायचंय का? गेलास तर लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, पिवळ्या भाताचं टोक तुझ्या ताटात पडेल, बाई कदाचित शब्द पाळतील, कदाचित नाही, आणि मला जागा मिळेल. गेला नाहीस तर मला ती जागा मिळणार नाही, बाबांची मान खाली जाईल, आणि रिक्षावाल्यासारखी माणसं ज्यामुळे सुटली त्या कामाचं काय होईल ते मला खरंच सांगता येत नाही. हे तुझ्या डोक्यावर टाकू नये असं वाटत होतं, पण अर्धं झाकून विचारलं तर ते विचारणं नव्हे, तेवढं मी या शिक्षणात शिकले. माझ्यासाठी हो म्हणू नकोस. बाबांसाठीही म्हणू नकोस. उत्तर मावशीला सांग. तिला मी सांगून ठेवलंय की तू जे बोलशील ते जसंच्या तसं फोनवर मला सांगायचं, स्वतःचं काही मिसळायचं नाही. ती म्हणाली, "मी कधी मिसळते?" हो म्हणालास तर मी शुक्रवारी येते आणि गाडीत तुझ्या शेजारी बसते. नाही म्हणालास तरी शुक्रवारीच येते, आणि शनिवारी गाडी दाराशी आली की ड्रायव्हरला मीच बाहेर जाऊन सांगते की गियोनोने नाही म्हटलंय.

तुझीच,
लास्मी